मोटरहोमने युरोपच्या अतिउत्तरेला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'उत्तर' म्हणजे नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड यांचा आर्क्टिक वृत्तापलीकडचा भाग. बहुतेकांचा पहिला प्रश्न रस्त्याचा असतो. माझ्या मते आधी ऋतू ठरवावा, कारण गाडी, टायर, गॅस, मुक्काम आणि रोजचं अंतर सगळं त्यावरून ठरतं. जूनमध्ये साधी वाटलेली वाट जानेवारीत लोखंडी फाटक लावून बंद केलेली असते.

अतिउत्तर नेमकं कुठून सुरू होतं?

नकाशावर ६६ अंश ३३ मिनिटांपासून, म्हणजे आर्क्टिक वृत्तापासून. फिनलंडमध्ये ते रोव्हानिएमीच्या थोडं पुढे ओलांडलं जातं, स्वीडनमध्ये ई४५ रस्त्यावर योक्मोकजवळ आणि नॉर्वेत ई६ वर, साल्टफ्येल पठारावर. नॉर्वेचं ठिकाण सर्वांत उजाड आहे, आणि म्हणूनच मला ते सर्वांत आवडतं. झाडांची रेषा संपलेली असते आणि जूनमध्येही रस्त्याच्या कडेला बर्फ असू शकतो.

प्रवासाच्या दृष्टीने मात्र अक्षांशापेक्षा समुद्रापासूनचं अंतर महत्त्वाचं आहे. उबदार सागरी प्रवाहामुळे नॉर्वेचा किनारा ७१ अंशांवरही हिवाळ्यात गोठत नाही. तिथून आत शिरलं की थंडीची जात बदलते. नॉर्वेचा नीचांक, उणे ५१.४ अंश, १८८६ साली कारास्योकला नोंदला गेला. फिनलंडचा नीचांक उणे ५१.५ अंश आहे, १९९९च्या जानेवारीत कित्तिला भागातल्या पोक्काचा. उन्हाळ्यात गणित उलटतं. आतल्या भागात अंगातून घाम निघत असतो आणि त्याच दिवशी किनाऱ्यावर दहा-बारा अंशांत वाऱ्याला तोंड देत उभं राहावं लागतं. दोन्हींचे कपडे एकाच वेळी हाताशी हवेत.

मग कधी जावं?

पहिल्यांदा जाणाऱ्याने ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा मध्य निवडावा, असं मी ठामपणे सांगेन. डास जवळजवळ संपलेले असतात, रस्ते मोकळे असतात, बर्च झाडं पिवळी आणि जमिनीवरची झुडपं लाल होऊ लागतात. रात्री पुन्हा काळोख पडू लागल्यामुळे ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. एकच पथ्य पाळायचं: सप्टेंबरच्या मध्यानंतर उत्तरेतली बरीच कॅम्पिंगची ठिकाणं बंद होतात, त्यामुळे कुठली उघडी आहेत ते आधी पाहून ठेवावं.

मध्यरात्रीचा सूर्य हाच हेतू असेल तर जून-जुलैला पर्याय नाही. नॉर्डकापला, म्हणजे नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळच्या प्रसिद्ध कड्यावर, तो साधारण १४ मे ते २९ जुलै मावळत नाही, ट्रॉम्सोला २० मे ते २२ जुलै. हाच काळ गर्दीचा आणि डासांचा असतो. जूनचा पहिला पंधरवडा ही चांगली तडजोड ठरते: सूर्य पूर्ण वेळ वर आणि डास अजून पुरते जागे झालेले नाहीत. उंचावरच्या पायवाटांवर मात्र तेव्हा बर्फ असतो.

एप्रिल-मे घाईचे लोक निवडतात. मी टाळते. रस्ते वितळत्या पाण्याने ओले, मैदानं चिखलाची आणि रेनडियरच्या विणीचा काळ, ज्यात कळपांना माणसांपासून शांतता हवी असते.

हिवाळ्याबद्दल खाली स्वतंत्र लिहिलं आहे.

किती दिवस हाताशी हवेत?

रोव्हानिएमीपासून नॉर्डकाप सुमारे ७०० किलोमीटर, हेलसिंकीपासून जवळजवळ १,५००. आकडा पाहून तीन दिवस पुरेसे वाटतात. फिनलंड-स्वीडनमधल्या सरळ रस्त्यांवर दिवसाला चारशे किलोमीटर आरामात होतात, हे खरं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मात्र रस्ता प्रत्येक फ्योर्डच्या (डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या) आत जाऊन परत बाहेर येतो. समोरच्या काठावरचं गाव दिसत असतं आणि तिथे पोहोचायला दीड तास लागतो. तिथे दोनशे किलोमीटरचा दिवस हा भरलेला दिवस समजावा.

हेलसिंकी किंवा स्टॉकहोमहून निघून परत तिथेच येणार असाल तर तीन आठवडे धरा. दोनच आठवडे असतील तर लोफोटेन (नॉर्वेच्या किनाऱ्यालगतची बेटं) किंवा नॉर्डकाप यांपैकी एक सोडा. दोन्ही जोडणाऱ्यांना शेवटी आठवतो तो फक्त रस्ता.

जाण्याचा रस्ता कोणता?

मुख्य वाटा चार. फिनलंडमधून ई७५ रोव्हानिएमी, इवालो, इनारी, उत्सयोकी असा जातो आणि शेवटी नॉर्वेतल्या वार्डोला संपतो. टोर्निओहून ई८ किल्पिसयार्वीमार्गे ट्रॉम्सोला पोहोचतो. हा तिन्ही देशांच्या सीमा मिळतात त्या टोकाजवळून जातो आणि किल्पिसयार्वीनंतरचा उतार फार देखणा आहे. स्वीडनच्या आतल्या भागातला ई४५ जंगल आणि तळ्यांतून जातो. वाहतूक विरळ, थांबायला जागा भरपूर. आणि नॉर्वेचा ई६, जो संपूर्ण देशाच्या लांबीने किर्केनेसपर्यंत धावतो. नार्विकच्या दक्षिणेला बोग्नेस ते स्कार्बर्गेट या टप्प्यात ई६ वर फेरी घ्यावीच लागते, सुमारे पंचवीस मिनिटांची.

माझा सल्ला: वर जाताना स्वीडन किंवा फिनलंड आणि उतरताना नॉर्वे. सरळ रस्त्यांवर पहिले दिवस भरभर कापता येतात, गाडीची सवय होते, आणि राखून ठेवलेले दिवस नॉर्वेच्या किनाऱ्यावर सावकाश खर्च करता येतात. उलट क्रमाने जाणारे नॉर्वेत 'अजून खूप वर जायचंय' या दडपणाखाली चांगल्या जागा मागे टाकत जातात.

घड्याळाकडेही लक्ष असू द्या. फिनलंड नॉर्वे-स्वीडनपेक्षा एक तास पुढे आहे, आणि सीमा इतक्या सहज ओलांडल्या जातात की फेरीची वेळ चुकू शकते.

नॉर्डकाप खरंच सर्वांत उत्तरेचं टोक आहे का? तिथे जायलाच हवं का?

नाही. नॉर्डकापचा ३०७ मीटर उंचीचा कडा ७१ अंश १० मिनिटांवर आहे. शेजारचं क्नीव्हशेलोडेन हे सपाट, खडकाळ टोक त्याहून किंचित पुढे समुद्रात शिरलं आहे. शिवाय दोन्ही मागेरोया बेटावर आहेत, त्यामुळे मुख्य भूमीचं उत्तर टोक म्हणून मान किनारोडेनचा. गाडीने जाता येण्याजोगं टोक म्हणून नॉर्डकापची प्रसिद्धी आहे, आणि ती जुनी आहे. १५५३ साली रिचर्ड चॅन्सलर या इंग्लिश दर्यावर्दीने त्याला नाव दिलं, १६६४ साली फ्रान्चेस्को नेग्री हा इटालियन धर्मगुरू तिथे पोहोचला, १९०७ साली सयामचे राजे चुलालोंगकोर्न येऊन गेले. कड्यावरचा लोखंडी पृथ्वीगोल १९७८चा.

जावं का? जावं, पण एका मुक्कामाची तयारी ठेवून. धुकं इथे क्षणात येतं आणि तासाभरात जातं. दुपारी पोहोचून पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काढून परतणारे बरेच जण असतात. रात्री तिथेच थांबलेल्यांना कधीतरी पडदा सरकलेला दिसतो. पायांत बळ असेल तर क्नीव्हशेलोडेनची पायपीट करा. जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर, वाट ओली आणि दगडी. कड्यावरच्या गर्दीपेक्षा तिथलं एकटेपण कितीतरी मोठं आहे.

बेटावर जाणारा बोगदा १९९९ साली सुरू झाला. लांबी जवळजवळ ६.९ किलोमीटर, समुद्रसपाटीखाली २१२ मीटर. उतार ९ टक्क्यांपर्यंत आहे, म्हणून जड गाडी उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका. खालचा गियर घ्या आणि इंजिनाला गाडी रोखू द्या. बोगद्याचा टोल आता नाही.

गाडी किती मोठी असावी?

सहा-सात मीटरपेक्षा लांब नको. लोफोटेनमधला ई१० आणि किनाऱ्यावरचे बरेच दुय्यम रस्ते अरुंद आहेत. एकेरी पट्ट्यावर निळ्या पाटीवर पांढरा 'एम' दिसला की ती समोरच्याला वाट देण्याची जागा. तिथे मुक्काम ठोकू नये, फोटोसाठीही थांबू नये. मागे स्थानिक गाड्या साचल्या तर बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. ती माणसं कामाला निघालेली असतात.

वजन हा लांबीहूनही दुर्लक्षित मुद्दा. 'बी' परवान्यावर (युरोपातल्या साध्या मोटारीच्या परवान्यावर) साधारणपणे साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. पाण्याची भरलेली शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, त्यात दोन गॅस सिलिंडर, सायकली, चार माणसं आणि खाण्याचे डबे. सगळं भरून एकदा वजनकाट्यावर गाडी न्या. कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत फरक निघतोच.

उत्तरेत कुठेही मुक्काम करता येतो असं ऐकलं आहे. खरं का?

अर्धं खरं, आणि उरलेल्या अर्ध्यामुळे स्थानिकांचा राग ओढवतो. तिन्ही देशांत निसर्गात मुक्तपणे फिरण्याचा लोकाधिकार आहे. नॉर्वेत तो १९५७च्या कायद्यात लिहिला गेला. पण हा अधिकार पायी, स्कीवर, होडीने फिरणाऱ्याचा आणि तंबूवाल्याचा आहे. नॉर्वेत वस्तीच्या घरापासून किमान १५० मीटर दूर तंबू ठोकावा असा नियम आहे. इंजिन असलेल्या वाहनाला हा अधिकार लागू नाही. रस्ता सोडून कुरणात, किनाऱ्याच्या गवतावर किंवा शेवाळावर गाडी घालणं बेकायदा आहे. उत्तरेतल्या मातीवर उमटलेलं चाक कित्येक वर्षं पुसलं जात नाही, कारण तिथे झाडपाला वाढायला वर्षाचे जेमतेम तीन महिने मिळतात.

मोटरहोमसाठी व्यवहारात अर्थ असा: जिथे गाडी उभी करायला परवानगी आहे तिथे बहुधा झोपताही येतं, पाटीवर मनाई नसेल तर. खुर्च्या-टेबल मांडलं, छत ओढलं, की ते पार्किंग राहत नाही, कॅम्पिंग होतं. फिनलंडमधले बरेच जंगलरस्ते खासगी मालकीचे असतात, तिथे मालकाची परवानगी हवी. लोफोटेनमध्ये अनेक ठिकाणी रात्रीच्या मुक्कामाला स्पष्ट बंदी आहे, आणि ती बंदी पाहुण्यांनीच ओढवून घेतली. दर तीन-चार रात्रींनी पैसे देऊन कॅम्पिंगच्या जागी थांबा. वीज, गरम पाणी, कपडे धुण्याचं यंत्र मिळतं आणि गावालाही काही मिळतं.

नॉर्वेत १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ शेकोटी पेटवायला सर्वसाधारण बंदी असते.

पाणी कुठे भरायचं, सांडपाणी कुठे सोडायचं?

कॅम्पिंगच्या जागी, काही पेट्रोल पंपांवर आणि रस्त्यालगतच्या विसाव्यांवर सोय असते. सांडपाणी, भांडी घासलेलं साधं पाणीसुद्धा, जमिनीवर सोडू नका. संडासाच्या टाकीबद्दल तर बोलायलाच नको. उत्तरेत अंतरं मोठी असल्याने टाकी अर्धी झाली आणि सोय दिसली की रिकामी करा. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी ठेवा.

गॅसचं काय? सगळीकडे मिळतो का?

या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण उत्तरेत गॅस म्हणजे स्वयंपाक, फ्रीज आणि ऊब असं तिन्ही असतं.

पहिली गोष्ट सिलिंडरात काय आहे ती. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला वायू होणं थांबवतो. म्हणजे पारा शून्याखाली गेला की भरलेला सिलिंडरही रिकाम्यासारखा वागतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप देत राहतो. दक्षिण युरोपात मिळणाऱ्या मिश्रणात ब्यूटेन बरंच असतं. उत्तरेला निघताना प्रोपेनच भरा, ऑगस्टमध्येही.

दुसरी गोष्ट जोडणीची. सिलिंडरांचे झडपांचे आटे देशोदेशी वेगळे आहेत आणि एका देशाचा रिकामा सिलिंडर दुसऱ्या देशात बदलून मिळत नाही. उन्हाळ्यात ११ किलोचे दोन सिलिंडर तीन आठवड्यांना सहज पुरतात, कारण हीटर थोडाच लागतो. त्याहून लांबच्या प्रवासाला जोडण्यांचा संच घ्या आणि स्थानिक सिलिंडर विकत घ्या. बसवलेल्या टाकीत पंपावर एलपीजी भरायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: स्वीडन-नॉर्वेत असे पंप मोजके आहेत आणि फिनलंडमध्ये जवळजवळ नाहीतच.

फेरीवर चढण्यापूर्वी सिलिंडरची झडप बंद करायची. हे कुणी आठवण करून देण्याची वाट पाहू नका.

हिवाळ्यात मोटरहोमने जाणं शहाणपणाचं आहे का?

हिवाळ्यासाठी बांधलेली गाडी आणि बर्फावर चालवण्याचा अनुभव, दोन्ही असतील तर हो. एकच असेल तर नाही. टाक्या आणि नळ्या गाडीच्या उबदार भागात असाव्या लागतात. उघड्यावर लटकणारी सांडपाण्याची टाकी पहिल्याच रात्री गोठते. पाणी तापवणाऱ्या यंत्राला बहुधा गोठणरोधक झडप असते. तापमान तीनेक अंशांवर आलं की ती आपोआप उघडून सगळं पाणी बाहेर सोडते. यंत्र वाचतं, पण टाकी रिकामी होते आणि जवळपासचे सगळे नळ बंद असतात. म्हणून गाडी चालवतानाही आतला हीटर चालू ठेवा.

डिझेलही ऋतूप्रमाणे बदलतं. दक्षिणेत भरलेलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं दाट होऊन फिल्टर बंद करतं. टाकी जवळजवळ रिकामी होईल अशा बेताने उत्तरेत शिरा आणि तिथलं हिवाळी डिझेल भरा. अ‍ॅडब्लू, म्हणजे डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारं द्रव, उणे ११ अंशांना गोठतं. गाडीतल्या टाकीला तापवायची सोय असते, पण सुटा डबा बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका. सौर पॅनलवर विसंबू नका. ट्रॉम्सोला २७ नोव्हेंबरच्या सुमारापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही.

स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च आणि फिनलंडमध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, रस्त्याची स्थिती हिवाळी असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे. नॉर्वेत साडेतीन टनांवरच्या गाड्यांना १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च सक्ती आहे, आणि बर्फाची शक्यता असेल तेव्हा चाकांच्या साखळ्याही जवळ हव्यात. मी खिळ्यांचे टायर घालते. आतल्या भागातल्या कोरड्या बर्फावर साधे हिवाळी टायर पुरतात, पण किनाऱ्यावर दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ काचेसारखा होतो.

वादळात नॉर्वेतले डोंगरी टप्पे बंद होतात किंवा ताफ्याने सोडले जातात: पुढे बर्फ काढणारं यंत्र, मागे गाड्यांची रांग. नॉर्डकापचे शेवटचे १३ किलोमीटर हिवाळ्यात ताफ्यानेच, ठरलेल्या वेळांना. ताफ्याचा प्रमुख अयोग्य गाडीला नकार देऊ शकतो, आणि त्याच्याशी वाद घालू नये. रस्ते उघडे की बंद हे नॉर्वेत १७५ या क्रमांकावर विचारता येतं.

रेनडियर रस्त्यावर आले तर?

वेग कमी करा, गरज पडली तर थांबा. एक दिसला की मागे अजून असतात. ते घाबरले तर रस्ता सोडून पळत नाहीत, रस्त्यावरूनच पुढे धावतात. हॉर्न वाजवून मागे लागलात तर दमवाल. प्रत्येक रेनडियर कुणाच्या तरी मालकीचा आहे. धडक बसली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फिनलंड आणि स्वीडनमध्ये त्यासाठी ११२ लावा.

मूस हे प्रचंड मोठं हरीण, वेगळाच प्राणी. पाय इतके उंच की धडकेत धड थेट समोरच्या काचेवर येतं. पहाटे आणि संध्याकाळी जंगलातून जाताना साठच्या पुढे जाऊ नका.

डास खरंच इतके असतात?

हो. आतल्या भागात जूनच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यांच्या जोडीला चिलटांएवढ्या चावऱ्या माश्या असतात आणि त्या साध्या जाळीतून आत येतात, म्हणून बारीक जाळी लावा. डोक्यावरून घ्यायची जाळी आणि फिकट रंगाचे सैल, जाड कपडे मलमापेक्षा जास्त उपयोगी. मुक्काम वाऱ्याच्या जागी करा. किनाऱ्यावर त्रास फारच कमी.

मध्यरात्री ऊन असताना झोप कशी येते?

काचांना अंधार करणारे पडदे आणि घड्याळाची शिस्त. मुलं बरोबर असतील तर त्यांच्या झोपेची वेळ सोडू नका.

पैसे, टोल, दारू, दुकानं?

फिनलंडमध्ये युरो, स्वीडन आणि नॉर्वेत आपापले क्रोनर. कार्ड सगळीकडे चालतं. उत्तरेतले बरेच पंप माणसाविना चालतात, तिथे पिन क्रमांक लागतो. टाकी अर्धी झाली की भरा, पुढचा पंप शंभर किलोमीटरवर असू शकतो. नॉर्वेत टोलनाक्यावर थांबावं लागत नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल मागाहून येतं. तिथली बहुतेक किराणा दुकानं रविवारी बंद असतात. रक्तातल्या मद्याची मर्यादा नॉर्वे-स्वीडनमध्ये ०.२ प्रति हजार, फिनलंडमध्ये ०.५. चालवणाऱ्याने शून्यच धरावं. दिवसाही गाडीचे दिवे लावलेले हवेत.

खाण्याचं सामान आणि कुत्रा नेता येतो का?

नॉर्वे युरोपीय संघात नाही, म्हणून सीमेवर सीमाशुल्काचे नियम आहेत. बटाटे नेता येत नाहीत. कुत्र्याला पारपत्र, रेबीजची लस आणि फिनलंड किंवा नॉर्वेत शिरण्याआधी २४ ते १२० तासांत पट्टकृमीचं औषध हवं, ज्याची नोंद पशुवैद्याने केलेली असावी. स्वीडनमधून नॉर्वेत जातानाही हे लागू आहे. युरोपबाहेरून येणाऱ्यांसाठी हे तिन्ही देश शेंगेनमध्ये (सामायिक व्हिसाच्या गटात) आहेत: १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

सामी लोकांच्या प्रदेशात काय जपावं?

सामी हे उत्तरेतले मूळ रहिवासी. हा त्यांचा मुलूख आहे आणि ते इथे जगतात, कामं करतात. कुंपणाची फाटकं जशी सापडली तशीच ठेवा. कळपावर ड्रोन उडवू नका. घरासमोरचं बर्फाचं वाहन किंवा सुकत घातलेलं मांस ही फोटोसाठी मांडलेली वस्तू नव्हे. इनारीचं सीडा संग्रहालय प्रवासाच्या सुरुवातीलाच पाहा. तिथून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचा उघडा माळ मग रिकामा दिसत नाही.

गर्दी नको असेल तर कुठे जावं?

पूर्वेला, वारांगेर द्वीपकल्पावर. माझं मन तिथेच अडकलं आहे. रस्ता समुद्राला चिकटून वार्डोकडे जातो. हे गाव इस्तंबूलच्याही पूर्वेला आहे. बेटावर जाणारा बोगदा हा नॉर्वेतला पहिला समुद्राखालचा बोगदा. गावात स्टाइल्नेस इथे सतराव्या शतकात चेटकीण ठरवून मारलेल्या ९१ जणांचं स्मारक आहे, वास्तुरचनाकार पीटर झुम्थोर आणि शिल्पकार लुईस बुर्जुआ यांनी उभारलेलं, २०११ साली खुलं झालेलं. एका लांब काळोख्या मार्गिकेत प्रत्येकासाठी एक खिडकी आणि एक दिवा. तिथे घाईने जाऊ नका, प्रत्येक नावाखालचा मजकूर वाचा.

वार्डोच्या पुढे हामनिंगबर्गपर्यंतचा रस्ता करवती दातांसारख्या उभ्या खडकांमधून जातो. अरुंद आहे, पण सात मीटरची गाडी सावकाश जाते. हा टप्पा हिवाळ्यात बंद असतो, म्हणून मेच्या आधी किंवा शरद ऋतूच्या अखेरीस जाणार असाल तर निघण्यापूर्वी १७५ ला फोन करून विचारा.